१९६३ मध्ये मारला गेलेला महायुद्धातील सैनिक

प्रश्न : दुसरे महायुद्ध १९४५ मध्ये संपले. तरीही १९६३ मध्ये मारले गेलेले युझेफ फ्रांचाक यांचा उल्लेख त्या काळातील शेवटचे पोलिश सैनिक असा का होतो? इतकी वर्षे ते कसे लपून राहिले? – एक वाचक, सातारा

उत्तर : १९४५ मध्ये पोलंडवरील जर्मन अंमल संपला, पण सोव्हिएत फौजा तेथेच राहिल्या आणि त्यांच्या आधाराने कम्युनिस्ट राजवट उभी राहिली. जर्मनांविरुद्ध भूमिगत लढा देणाऱ्या ‘होम आर्मी’चे अनेक सैनिक या राजवटीला शत्रू वाटत होते, आणि सैनिकांनाही ती परकीयच वाटत होती. फ्रांचाक यांचे युद्ध लांबले ते यामुळे.

त्यांचा जन्म १९१८ मध्ये लुब्लिनजवळच्या कोझित्से गुर्ने या खेड्यात झाला. सप्टेंबर १९३९ मध्ये लष्करी पोलीस दलात असताना ते सोव्हिएत सैन्याच्या हाती सापडले, परंतु निसटून गावाकडे आले आणि पुढे होम आर्मीत लढले. १९४४ मध्ये त्यांना सोव्हिएत आधिपत्याखालील पोलिश सैन्यात भरती करण्यात आले. तेथे होम आर्मीच्या जुन्या सैनिकांना दिला जाणारा मृत्युदंड पाहून १९४५ च्या जानेवारीत त्यांनी ते सैन्य सोडले. जून १९४६ मध्ये अटक झाल्यावर, नेले जात असतानाच, ते साथीदारांसह पळाले आणि त्या झटापटीत सुरक्षा खात्याची चार माणसे ठार झाली. पुढे माफीच्या घोषणा झाल्या, तरी त्यांच्यासाठी परतीची वाट जवळजवळ बंदच होती.

त्यानंतर ते कॅप्टन झ्जिस्वाव ब्रोन्स्की यांच्या कम्युनिस्टविरोधी भूमिगत तुकडीत होते. मे १९४९ मध्ये वेढले गेल्यावर ब्रोन्स्की यांनी हातबाँबने स्वतःचा शेवट केला, तर फेब्रुवारी १९५३ मध्ये पियास्की येथे एका सहकारी पतसंस्थेवरील फसलेल्या हल्ल्यात साथीदार स्तानिस्वाव कुख्चेविच मारले गेले. यानंतरची दहा वर्षे फ्रांचाक एकटेच होते. या दहा वर्षांत त्यांच्या हातून लष्करी म्हणावे असे फारसे घडले नाही. ते टिकले ते शेतकऱ्यांच्या आसऱ्यामुळे, आणि तो आसरा देणारी कुटुंबे स्वतः तुरुंगाचा धोका पत्करत होती. त्यांच्याविषयी लिहिताना या कुटुंबांचा विसर पडतो, हे मला खटकते.

शेवटी त्यांच्या सहचरीच्याच नात्यातील एकाने पैसे घेऊन सुरक्षा खात्याला खबर दिली. २१ ऑक्टोबर १९६३ रोजी माय्दान कोझित्स गुर्निख येथील शेतघराला वेढा पडला. आपण साधे शेतकरी असल्याचा त्यांचा बहाणा टिकला नाही, तेव्हा त्यांनी गोळीबार केला आणि ते मारले गेले. अधिकाऱ्यांनी शवाचे शिर वेगळे करवले आणि नातेवाइकांना शिराविनाच देह मिळाला. १९८३ मध्ये तो पियास्कीच्या कौटुंबिक थडग्यात हलवला गेला. लुब्लिनच्या वैद्यकीय विद्यापीठात सापडलेली कवटी २०१५ मध्ये पियास्कीच्या त्याच थडग्यात पुरण्यात आली.

२००८ मध्ये राष्ट्राध्यक्ष लेख काचिन्स्की यांनी त्यांना मरणोत्तर सन्मान दिला. कम्युनिस्ट राजवटीच्या लेखी मात्र ते दरोडेखोर होते, आणि त्यांच्या गोळ्यांना बळी पडलेल्यांत पोलिश माणसेही होती, हे सन्मानाने पुसले जात नाही. ‘शेवटचे सैनिक’ ही उपाधी त्यामुळे १९४५ नंतरच्या सशस्त्र प्रतिकारापुरतीच वापरावी. महायुद्धातून बचावलेले इतर असंख्य पोलिश सैनिक त्यांच्यानंतरही हयात होते.