वाचक विचारतात : नवं पिस्तूल, घरचा सराव

प्रश्न : परवाना मिळाल्यावर .32 बोअरचं पिस्तूल घेतलं. रेंज लांब पडते. घरी ड्राय फायर, म्हणजे गोळी न भरता चाप ओढायचा सराव, केलं तर पिस्तूल खराब होतं का?
– वाचक, जिंतूर

उत्तर : सराव जरूर करा, पण आधी पिस्तूल रिकामं करण्याचा क्रम हाताला बसवा. पहिल्यांदा मॅगझिन, म्हणजे काडतुसांची पेटी, काढायची, मगच स्लाइड, म्हणजे वरचा सरकता भाग, मागे ओढायची. क्रम उलटा झाला तर चेंबरमधलं, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाशी बसलेलं, काडतूस बाहेर पडतं, पण पुढे जाणारी स्लाइड मॅगझिनमधलं दुसरं आत ढकलते. मग मॅगझिन काढून तुम्ही निर्धास्त होता आणि पिस्तूल भरलेलंच राहतं. म्हणून स्लाइड मागे धरून उजेडात चेंबर बघा, करंगळीने चाचपा. काडतुसं आणि भरलेली मॅगझिनं दुसऱ्या खोलीत, कुलपात.

रिकामं असलं तरी नेम कुठे धरायचा, हे महत्त्वाचंच. जुन्या माळवदाच्या घराची हात-दोन हात जाडीची दगडमातीची भिंत उत्तम. पत्रा, प्लायवूड किंवा चार इंची भिंत, ज्यापलीकडे माणसांचा वावर आहे, ती नको. स्लाइड ओढतानाही नळी त्याच भिंतीकडे राहू द्या. नवखा माणूस नेमकी तेव्हाच ती आडवी करतो.

आता खराब होण्याचं. .32 सेंटरफायर आहे, म्हणजे फायरिंग पिन काडतुसाच्या बुडाच्या मध्यावर आदळते, त्यामुळे अधूनमधून रिकामा चाप ओढल्याने सहसा बिघडत नाही. रोज करणार असाल तर त्याच मापाची स्नॅप कॅप (बिनदारूचं नकली काडतूस) वापरा, फायरिंग पिनचा मार तिच्यावर जातो. ती खऱ्या काडतुसाहून वेगळ्या रंगाचीच घ्या. .22 रिमफायरची गोष्ट वेगळी : तिथे पिन काडतुसाच्या कडेवर मारते, म्हणून रिकामं असताना ती थेट चेंबरच्या काठावर आदळू शकते, काठ चेपतो आणि काडतुसं अडकायला लागतात. कंपनीच्या पुस्तिकेत मनाई असेल तर तीच पाळा.

वीस-पंचवीस वेळा पुरे. थकलेला हात चुकीची सवय लावून घेतो. नजर पुढच्या साइटवर (नेम धरायच्या खुणेवर), तर्जनीच्या टोकाच्या पेराचा मधला मांसल भाग चापावर, दाब सरळ मागे. स्लाइडवर, पुढच्या साइटच्या मागे, एक रुपयाचं नाणं ठेवून बघा. ‘टक्’ होताना ते पडलं तर चाप झटक्याने ओढला जातोय किंवा बोटासोबत अख्खी मूठ आवळतेय.

सर्वांत धोक्याची वेळ सराव संपल्यावरची. पिस्तूल भरून ‘अजून एकदा’ म्हणणं म्हणजे गोळी सुटणं. म्हणून आधी भिंतीवरचं टार्गेट काढा, ‘सराव संपला’ असं मोठ्याने म्हणा आणि पिस्तूल कुलपात ठेवा. परवाना तुमच्या नावावर आहे. घरात दुसऱ्या कुणाच्या हाती देऊ नका.

प्रश्न : उन्हाळ्यात धुळीमुळे स्लाइड जड चालते. जास्त तेल घालावं का?
– वाचक, अंबड

उत्तर : उलट कमी करा. जास्तीचं तेल धूळ धरून ठेवतं आणि त्याचा चिकट लगदा होतो. पिस्तूल रिकामं करा, जुनं तेल पुसून काढा, स्लाइडच्या दोन्ही खाचांत एकेक थेंब द्या. फायरिंग पिनच्या छिद्रात आणि मॅगझिनमध्ये तेल नको. घामाचे हात लागले की बाहेरचं लोखंड त्याच दिवशी पुसा. चामड्याच्या होल्स्टरमध्ये महिनोन्महिने ठेवू नका, ओल धरून गंज चढतो.