छाका आणि काछा एकच का नाही?

प्रश्न: नमस्कार, आम्ही जुळे सोलापूरला राहतो, मुलगा यंदा दहावीला आहे आणि संभाव्यतेच्या धड्यावरनं घरात रोज वाद चाललाय. त्याचं म्हणणं, दोन नाणी टाकली की तीनच गोष्टी होतात, दोन्ही छापे, दोन्ही काटे नाहीतर एक-एक, मग दोन्ही छापे यायची संभाव्यता १/३ पाहिजे. सर म्हणतात १/४. दोन्ही नाणी एक रुपयाचीच असली तर पहिलं कुठलं नि दुसरं कुठलं, असं विचारतोय ओ तो, आणि मला पण उत्तर देता येईना. (एक आई, सोलापूर)

उत्तर: ताई, पोरगा हुशार आहे, त्याला रागावू नका. १७५४ साली डालांबेर नावाच्या फ्रेंच गणितज्ञाने विश्वकोशातल्या लेखात जवळपास हीच चूक केली होती. दोन वेळा नाणं टाकून निदान एक छापा यायची संभाव्यता किती, तर त्याने मोजलं असं, की पहिल्यालाच छापा आला तर खेळ तिथंच संपला, नाहीतर काटा मग छापा, नाहीतर दोन्ही काटे, झाले तीन प्रकार, म्हणून २/३. खरं उत्तर ३/४ आहे.

आता एका नाण्याला नेलपॉलिशचा ठिपका लावा. ठिपकेवालं नाणं आधी लिहायचं, बिनठिपक्याचं नंतर. छा म्हणजे छापा, का म्हणजे काटा: छाछा, छाका, काछा, काका (इथं पोरं हसतात, हसू द्या). पहिल्याचे २ प्रकार, त्या प्रत्येकाबरोबर दुसऱ्याचे २, म्हणून २ × २ = ४, हाच पुस्तकातला नमुना अवकाश, म्हणजे काय काय होऊ शकतं त्याची पूर्ण यादी, आणि त्यातली एकेक गोष्ट म्हणजे निष्पत्ती. एक-एक यायच्या वाटा दोन आहेत आणि दोन्ही छापे यायची एकच. आता ठिपका पुसून टाका, नाण्यांचं पडणं बदललं का? नाही ना, फक्त आपल्याला ओळखू येईना एवढंच. चाटी गल्लीतनं एकाच डिझाइनच्या दोन चादरी आणल्या तर दुकानदार बिल एका चादरीचं थोडंच करतो!

म्हणजे तुमच्या मुलाने मोजलेले तीन प्रकार चुकीचे नाहीत, पण ते समसंभाव्य नाहीत, म्हणजे प्रत्येकाची यायची शक्यता सारखी नाही, आणि अनुकूल भागिले एकूण हे सूत्र फक्त समसंभाव्य निष्पत्तींनाच चालतं. पुस्तकात तो शब्द असतो पण पोरं तो वाचतच नाहीत, सूत्र तेवढं पाठ करतात.

तरी पटलं नाही तर १०० वेळा टाकायला लावा आणि एक-एक कितीदा आलं त्याच्या रेघा ओढायला सांगा. बरोबर ५० नाही येणार, ४६ येतील ५४ येतील, पण त्याच्या हिशोबाने ३३ यायला पाहिजेत आणि तेवढं खाली येणं फार म्हणजे फारच अवघड आहे. दोन फाशांचंही असंच बघा, बेरीज २ ते १२ म्हणजे ११ प्रकार, पण निष्पत्ती ३६, त्यात ७ यायच्या वाटा ६ आणि १२ यायची फक्त एक.

प्रश्न: लुडो खेळताना नातू म्हणतो, आजोबा, सहा पडेल नाहीतर नाही पडणार, म्हणजे फिफ्टी-फिफ्टीच की. काय सांगू? (एक आजोबा, सात रस्ता)

उत्तर: आजोबा, वरचीच भानगड आहे. "नाही पडणार" यात १, २, ३, ४, ५ असे पाचजण दाटीवाटीने बसलेत, सहा एकटाच, म्हणून १/६. नातवाला विचारा, फिफ्टी-फिफ्टी असतं तर तुझ्या सोंगट्या घरातच एवढा वेळ कशाला बसल्या असत्या? आणि दहादा टाकूनही सहा पडला नाही म्हणून फाशाला नावं ठेवत असाल तर दहा वेळा ५/६ लिहून ते सगळे एकमेकांशी गुणून बघा, साधारण ०.१६ येतं, म्हणजे शंभरात सोळा वेळा असं होणारच. फासा बिघडलेला नाही, टाकत राहा.