विचारा की! : काळे दाणे, गच्चीवरची बीअर आणि मालदांडी

प्रश्न : मुलगा लीड्सला असतो, मागच्या उन्हाळ्यात आम्ही दोघं जाऊन आलो. पठ्ठ्या किचनमध्ये बीअर करतो ओ! पातेल्यात पाणी गरम करतो, काळे-तांबूस दाणे फडक्याच्या पिशवीत बांधून त्यात अर्धा तास सोडतो, मग पिशवी सरळ कचऱ्यात, आणि वरनं माल्टची पावडर ओततो. दारू पावडरीचीच होणार तर दाणे कशाला, आणि दाण्यात दम असेल तर तेच जास्त टाकून पावडर का वाचवू नये? (एक वाचक, जुळे सोलापूर)

उत्तर : दम पावडरीतच आहे काका. ती पावडर म्हणजे माल्ट एक्स्ट्रॅक्ट, मोड आणून वाळवलेल्या बार्लीची (हेच माल्ट) साखर कारखान्यातच पाण्यात उतरवून आटवलेली असते आणि यीस्ट (साखर खाऊन तिची दारू करणारे सूक्ष्म जीव) मुख्यतः त्याच साखरेवर जगतं. दाणे असतात रंगाला, वासाला, जिभेला जरा जाडसर लागायला. दहा लिटर पोर्टर (काळसर बीअर) करायची तर दीड किलो पावडर लागते, दाणे मात्र क्रिस्टल माल्ट पाव किलो आणि चॉकलेट माल्ट दीडशे ग्रॅम, बास. (चॉकलेट नुसतं नावाला, बार्लीच ती, करपायच्या बेतापर्यंत भाजलेली.) हे दुप्पट केले तर बीअर चढणार नाही, कडू काढा होईल.

हे दोन माल्ट नुसते भिजवून चालतात कारण क्रिस्टलमध्ये ओला दाणा तापवताना स्टार्चची (दाण्यातल्या पिठाची) साखर आतल्या आतच झालेली असते आणि काळ्या माल्टात भाजण्याचीच चव घ्यायची असते. ओट्स तसे भिजवले तर स्टार्च उतरून बीअर नुसती गढूळ होते, त्यांना पेल माल्टसोबत (हलकं वाळवलेलं साधं माल्ट) ६५-६८ डिग्रीला तासभर धरावं लागतं, तो वेगळा उद्योग. पिशवीचं पाणी ६५ ते ७० डिग्री ठेवायचं, ७७ च्या वर गेलं की सालीतला तुरटपणा उतरतो, म्हणून पिशवी उकळायची नाही आणि पिळायची तर अजिबात नाही, निथळू द्यायची. आणि पावडर टाकताना गॅस बंद! आपण एवढंच लक्षात ठेवलं तरी पुष्कळ, नाहीतर बुडाला धरते आणि तो करपट वास शेवटपर्यंत जात नाही. मग हॉप्स (बीअरला कडवटपणा देणारी फुलं) घालून तासभर उकळायचं, ते उतू जातंच, तिथून हलू नका म्हणावं.

पोरानं चॉकलेट माल्टाऐवजी भाजलेली बार्ली घेतली तर स्टाउटकडं (आणखी काळी, भाजक्या चवीची बीअर) जाईल, नुसतं क्रिस्टल ठेवलं तर अंबर एल (तांबूस बीअर). गव्हाच्या बीअरला गव्हाचं एक्स्ट्रॅक्ट मिळतं, दाणे लागतच नाहीत, केळी-लवंगेचा वास तिथं यीस्ट देतं.

प्रश्न : मित्र बाहेरनं बीअरचं सगळं किट आणतोय. एप्रिलमध्ये विजापूर रोडला आमच्या गच्चीवर करायचा बेत आहे, काय काळजी घेऊ?

उत्तर : करू नका. इंग्लंडात घरच्यापुरत्या बीअरला १९६३ पासून लायसन्स लागत नाही, पण आपल्याकडं १९४९ चा दारूबंदी कायदा आहे, विनालायसन्स दारू गाळणं काय नि बीअर आंबवणं काय, गुन्हाच. घरच्यापुरतं वगैरे चालत नाही. शिवाय एप्रिलात सोलापूरची गच्ची म्हणजे चाळिशीच्या वरचं ऊन, आणि साधं एल यीस्ट १८-२० डिग्रीला खुश असतं, तिशीच्या वर ते असले वास सोडतं की पहिल्या घोटाला तोंड वाकडं होईल. लागरला (थंडीत आंबवायची बीअर) तर १० च्या आसपास पाहिजे. नॉर्वेतल्या शेतकऱ्यांचं क्वाइक नावाचं यीस्ट ३५ ला पण झकास चालतं, पण ते ऐकून परत बेत करू नका, कायदा यीस्ट बघत नाही.

प्रश्न : भाऊ जर्मनीत हाच उद्योग करतो. मंगळवेढ्याची घरची मालदांडी दिली तर दाण्यांसारखी पिशवीत बांधून जमेल का?

उत्तर : नाही ताई. कोरडी ज्वारी भिजवली की पीठच उतरणार. आधी मोड आणावे लागतात, आपण नाचणीचं सत्त्व करताना आणतो तसेच, कारण स्टार्चची साखर करणारी एन्झाइम्स मोड येतानाच तयार होतात. त्यात ज्वारीत ती बार्लीपेक्षा कमी, आणि तिचा स्टार्च फुलायला उष्णता जास्त लागते, म्हणजे बार्लीचं गणित इथं बसत नाही. आणखी एक, कोवळी ज्वारी खाऊन जनावराला विषबाधा होते हे तुमच्याकडं कुणालाही विचारा, ते सायनाइड देणारं द्रव्य मोडांतही असतं, म्हणून माल्ट वाळवल्यावर मोड-मुळं चोळून पाखडून टाकतात. आफ्रिकेत ज्वारीची बीअर पिढ्यानपिढ्या करतात, गढूळ, आंबटसर, ताजी ताजीच संपवायची. भावाला ज्वारीचीच हौस असेल तर ज्वारीचं तयार सिरप मिळतं, ग्लूटेन (गहू-बार्लीतलं प्रथिन) न चालणाऱ्यांसाठी त्याची बीअर करतात, ते एक्स्ट्रॅक्टच्या जागी वापरायचं. मालदांडी मात्र दळून द्या, तिकडं भाकरी मिळत नसणार.