शिकागोत आई-बाबांना घेऊन लेकचे बीच बघायचेत. तळ्याला बीच कसला, आणि नेमकं कुठे जावं?

तुम्ही लिहिलंय की जुलैत आठ दिवस येताय, सोबत साठी ओलांडलेले आई-बाबा आणि सहा वर्षांची मुलगी आहे, गाडी भाड्याने घ्यायची की नाही ते ठरत नाहीये आणि "तळ्याला बीच" हे काही पचत नाहीये. आधी ते पचवून टाकू.

माझे आई-बाबा पहिल्यांदा आले होते तेव्हाची गोष्ट. मी फोनवर मैत्रिणीला म्हणाले, "संध्याकाळी लेकवर भेटू." बाबांनी हळूच आईला विचारलं, "कुणाच्या लेकीबद्दल चाललंय?" आम्ही कोल्हापूरचे. आमच्यासाठी तळं म्हणजे रंकाळा. पलीकडचा काठ दिसतो, एक चक्कर मारायची, भेळ खायची, घरी यायचं. लेक मिशिगनचा पलीकडचा काठ दिसत नाही. क्षेत्रफळ सुमारे ५८,००० चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या महाराष्ट्राच्या जवळजवळ एक पंचमांश. सगळ्यात खोल जागी २८१ मीटर. लाटा येतात, वाळू आहे, सीगल तुमच्या हातातल्या चिप्सवर डोळा ठेवून असतात. मीठ तेवढं नाही, आणि भरती-ओहोटी जाणवण्याइतकी नसते. आईने काठावर उभं राहून दोन-तीनदा श्वास घेतला आणि म्हणाली, "समुद्राचा वासच येत नाही गं." तिला ते शेवटपर्यंत खटकत होतं.

आता पैशांचं. सगळे बीच फुकट. तिकीट नाही, पास नाही. पैसे जातात ते पार्किंगला, आणि जुलैच्या रविवारी पैसे असूनही जागा मिळत नाही. माझं ऐका, शहरात आहात तोवर गाडी घेऊच नका. एका चार जुलैला, म्हणजे इथल्या स्वातंत्र्यदिनी, आम्ही पाऊण तास गोल गोल फिरलो, मागे मुलं रडतायत, मांडीवर पुलावाचा डबा, आणि शेवटी बीच न बघताच परत आलो. त्यानंतर बस आणि ट्रेनच.

कुठे जावं हे सांगण्याआधी एक गोष्ट सांगते, कारण ती माहीत असली की हा काठ वेगळाच दिसतो. एवढ्या मोठ्या शहराच्या मधोमध, पाण्यालगत, मैलोन् मैल एकही खाजगी बंगला नाही, हे आपोआप झालेलं नाही. १८३६ साली इथली जमीन विकायला काढली तेव्हा नकाशावर तळ्याकाठच्या एका पट्ट्यात अधिकाऱ्यांनी लिहून ठेवलं की ही सार्वजनिक जागा आहे, इथे कायम मोकळं राहील, इमारत होणार नाही. लिहिलेलं कोण पाळतो? १८७१ च्या मोठ्या आगीनंतर जळक्या शहराचा राडारोडा तिथेच तळ्यात लोटला गेला, तोवर रेल्वे पाण्यात खांब रोवून त्यावरून धावतच होती, आणि भर पडून तयार झालेल्या नव्या जमिनीवर प्रत्येकाला काही ना काही बांधायचं होतं. मग आला ॲरन माँटगोमेरी वॉर्ड. टपालाने माल विकून श्रीमंत झालेला व्यापारी, ऑफिस समोरच मिशिगन ॲव्हेन्यूवर. त्याने १८९० मध्ये कोर्टात जाऊन तो नकाशा पुढे केला आणि वीस वर्षं भांडत राहिला. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि जिंकला. त्या काळात शहरातली बडी मंडळी त्याच्यावर भयंकर चिडून होती, म्हणजे म्युझियमसुद्धा बांधू देत नाही हा माणूस! तो पट्टा, म्हणजे आजचं ग्रँट पार्क, मोकळा आहे तो त्याच्यामुळे. आर्ट इन्स्टिट्यूट या कलासंग्रहालयाची इमारत तेवढी अपवाद. १८९३ ची सर्वधर्मपरिषद तिथेच भरली होती, म्हणून प्रत्येक भारतीय पाहुणा विवेकानंदांसाठी तिथे जातोच. आपल्या मुंबईहून प्रार्थना-ब्राह्म समाजाचे बी. बी. नगरकरही त्या परिषदेत बोलले होते, ते मात्र कुणाच्या लक्षात नसतं.

नंतर १९०९ मध्ये वास्तुरचनाकार डॅनियल बर्नहॅमने शहराचा आराखडा केला, त्यातही तळ्याचा काठ लोकांचा हेच सूत्र होतं, आणि १९७३ मध्ये काठ वाचवायचा वेगळा नियम झाला. इतिहास पुरे.

आता जागा. डाउनटाउनला लागून ओक स्ट्रीट आणि नॉर्थ ॲव्हेन्यू असे दोन बीच आहेत. फोटोत येतात ते हेच. मागे गगनचुंबी इमारती, पुढे वाळू. नॉर्थ ॲव्हेन्यूचं बीचहाऊस जहाजाच्या आकाराचं आहे, मुलीला आवडेल. पण शनिवार-रविवारी तिथे मोठ्याने गाणी, व्हॉलीबॉल आणि मुंगीला शिरायला जागा नाही. आई-बाबांना घेऊन जायचं तर सकाळी आठच्या आत जा. ओक स्ट्रीटच्या वळणावर बसा, कॉफी प्या, निघा.

मुलीला पाण्यात खेळायचं असेल तर उत्तरेला हॉलिवूड बीच. पाटीवर कॅथी ऑस्टरमन बीच असं लिहिलेलं दिसेल, गोंधळू नका, तोच. रेड लाइन या शहरातल्या ट्रेनच्या ब्रिन मॉर स्टेशनवर उतरून दहा-बारा मिनिटं चालायचं. चंद्रकोरीसारखा आहे. बरंच आतपर्यंत पाणी उथळ. २९ किलोमीटरचा लेकफ्रंट ट्रेल, म्हणजे काठाकाठाने जाणारी चालायची आणि सायकलची वाट, उत्तरेकडून इथेच सुरू होते आणि दक्षिणेला ७१व्या रस्त्यापर्यंत जाते. २०१८ पासून सायकलवाले आणि चालणारे यांच्या वाटा वेगळ्या केल्यात. तुम्ही चालताना सायकलच्या वाटेवर गेलात तर ओरडा खाल, आणि तो बरोबरच असेल.

सायकल घेणार असाल तर एक सांगते: जाताना वारा तोंडावर असेल ती दिशा धरा. मी पहिल्या वर्षी उलट केलं. जाताना वाटलं, वा, काय दम आहे आपल्यात! येताना कळलं दम कुणाचा होता.

डेव्हन ॲव्हेन्यूला, म्हणजे आपल्या दुकानांच्या रस्त्याला, तर तुम्ही जाणारच, सगळे जातात. मिठाई, कुकरची रिंग, साड्या. तिथून १५५ नंबरची बस पूर्वेला लोयोलाकडे येते. उतरलात की रॉजर्स पार्कमधले छोटे छोटे बीच, गल्ली संपते आणि वाळू सुरू होते असे. लोयोला बीचवर एक लांबच लांब सिमेंटची बसायची भिंत आहे, दर जूनमध्ये आसपासचे लोक तिचा एकेक तुकडा घेऊन रंगवतात. कुणी आजीचं चित्र काढलेलं, कुणी मेलेल्या कुत्र्याचं. डेव्हनवरून समोसे बांधून आणायचे आणि त्या भिंतीवर बसून खायचे. पर्यटक इथे येत नाहीत, त्यामुळे तुम्हालाही "आपण इथलेच" असं वाटेल.

माँट्रोज बीच मोठा आहे, कुत्र्यांसाठी वेगळा भाग आहे. बाबांना पक्ष्यांची आवड असेल तर तिथली 'मॅजिक हेज' नावाची झुडपांची रांग दाखवा. शीतयुद्धाच्या काळात इथे लष्कराचा क्षेपणास्त्रांचा तळ होता, बराकी दिसू नयेत म्हणून ही झुडपं लावली. लष्कर गेलं, झुडपं राहिली, आणि स्थलांतर करणाऱ्या पक्ष्यांनी ती ताब्यात घेतली. ३०० च्या वर जातींची नोंद आहे. २०१९ मध्ये पायपिंग प्लोव्हर, म्हणजे आपल्या चिखल्याच्या जातीतल्या, एका दुर्मिळ जोडीने या बीचवर वाळूत घरटं केलं. लोकांनी त्यांची नावं माँटी आणि रोझ ठेवली, आणि त्यांच्यासाठी तिथला मोठा संगीताचा कार्यक्रम रद्द झाला. मूठभर वजनाचे पक्षी, आणि हजारो माणसांची तिकिटं परत! जुलैत स्थलांतर फारसं नसतं, तेव्हा फार अपेक्षा ठेवू नका.

पण माझा खरा सल्ला असा: एकच दिवस असेल तर उत्तरेला जाऊच नका, दक्षिणेला जा. इथे राहणारे आपले लोकसुद्धा तुम्हाला "साउथ साइडला कशाला" म्हणतील. त्यांतल्या निम्म्यांनी ती बाजू गाडीच्या काचेतूनच पाहिलेली असते.

मिलेनियम स्टेशनवरून मेट्रा इलेक्ट्रिकची ट्रेन घ्या. मघाशी पाण्यात खांब रोवून धावणारी रेल्वे म्हटलं ना, तोच मार्ग. आता तो पार्कमधल्या खंदकातून जातो. हाइड पार्कला ५५-५६-५७ नावाच्या स्टेशनवर उतरा. ५५व्या रस्त्याने पूर्वेला चालत गेलात की लेक शोर ड्राइव्ह या काठालगतच्या मोठ्या रस्त्याच्या खालून बोगदा आहे. त्यातून बाहेर आलात की प्रोमोंटरी पॉइंट.

ही जमीन भर घालून केलेली, १९३७ मध्ये पार्क म्हणून खुली झाली, उद्यानरचनाकार आल्फ्रेड कॉल्डवेलने आखलेली. मधे मोठं कुरण, कडेने झाडं, आणि पाण्याच्या बाजूला चुनखडीच्या दगडांच्या पायऱ्या. आमच्या पंचगंगेच्या घाटावर वाढलेल्या माणसाला त्या पायऱ्या बघून काय होतं ते मी सांगू शकत नाही. दगड ओबडधोबड, काही सरकलेले, एकावर एक चार टप्पे, आणि खाली पाणी थपाथप आपटतंय. बाबांनी चपला काढल्या, न विचारता, घाटावर काढतात तशा, आणि तिसऱ्या पायरीवर जाऊन बसले. शेजारी एक म्हातारे कृष्णवर्णीय गृहस्थ गळ टाकून बसले होते. दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती. अर्ध्या तासाने बघते तर गळ बाबांच्या हातात.

या पायऱ्या काढून सिमेंट ओतायचं शहराच्या मनात अनेक वर्षं होतं. मोहल्ल्यातल्या लोकांनी ते होऊ दिलं नाही, आणि २०२३ मध्ये पॉइंटला शहराच्या संरक्षित वास्तूचा दर्जा मिळाला. उत्तरेकडे नजर टाकलीत तर सगळं डाउनटाउन पाण्यापलीकडे उभं दिसतं. पायऱ्यांवर लाइफगार्ड नाही, दगड शेवाळलेले असतात, मुलीला तिथे पाण्यात उतरवू नका. तिच्यासाठी पाच-दहा मिनिटांवर ५७व्या रस्त्याचा बीच आहे, नीट वाळू, लाइफगार्ड, समोर सायन्स अँड इंडस्ट्री म्युझियम. आणखी खाली ६३व्या रस्त्याचा बीच, तिथलं १९१९ चं जुनं बीचहाऊस बघण्यासारखं आहे.

परतताना वेळ असेल तर ३१व्या रस्त्याच्या बीचवर थांबा. तिथून थोडं उत्तरेला, वाटेच्या कडेला एका दगडावर फलक आहे, लक्ष नसेल तर दिसणारही नाही. २७ जुलै १९१९ ला युजीन विल्यम्स नावाचा १७ वर्षांचा कृष्णवर्णीय मुलगा तराफ्यावर पोहता पोहता २९व्या रस्त्याच्या बीचकडे वाहत गेला. पाण्यात रेघ नव्हती, पण गोऱ्यांचं पाणी आणि काळ्यांचं पाणी अशी वाटणी सगळ्यांना ठाऊक होती. काठावरून दगड आले, मुलगा बुडाला, पोलिसाने दगड मारणाऱ्याला पकडलं नाही. आठवडाभर दंगल झाली, ३८ माणसं गेली. त्यानंतरही, १९६१ मध्ये, दक्षिणेच्या रेनबो बीचवर कृष्णवर्णीय तरुणांना मुद्दाम घोळक्याने जाऊन पाण्यात उतरावं लागलं. कागदावर पाणी सगळ्यांचं होतंच. आपल्याला चवदार तळं आठवतं, मी वेगळं काय लिहू. वॉर्डची गोष्ट मी वर एवढी रंगवून सांगितली, ती याच्याशिवाय अर्धीच आहे.

पोहण्याचं. मे अखेरच्या वीकेंडपासून सप्टेंबरच्या सुरुवातीच्या लेबर डेपर्यंत, सकाळी ११ ते संध्याकाळी ७, लाइफगार्ड असताना. हिरवा झेंडा असेल तर खुशाल जा, पिवळा असेल तर सांभाळून, लाल असेल तर पायसुद्धा नको. लाल झेंड्याला "एवढं काय होतंय" म्हणू नका. हे तळं शांत दिसून दगा देतं: २६ जून १९५४ ला वाऱ्याने आणि हवेच्या दाबाने ढकललेलं पाणी अचानक माँट्रोजसारख्या धक्क्यांवर चढलं आणि मासे पकडणारे आठ जण वाहून गेले. मुसळधार पावसानंतरचा एक दिवसही सोडा. एरवी शिकागो नदी तळ्यापासून उलटी वाहते, १९०० साली मैलापाणी पिण्याच्या पाण्यात जाऊ नये म्हणून ती फिरवली; पण पाऊस फार झाला तर दारं उघडून ते पाणी तळ्यात सोडावं लागतं. काठावरून आत दूर पाण्यात गोल इमारत दिसेल, मुलगी विचारेलच, "ते काय आहे?" तर तिथून शहराचं पिण्याचं पाणी आत घेतात.

आणि पाणी गार असतं. जुलैतसुद्धा. पश्चिमेचा वारा सलग वाहिला की वरचं कोमट पाणी आत ढकललं जातं आणि तळाचं थंड पाणी वर येतं, काल मस्त होतं तिथे आज पाय बधिर. स्वतःची दारू कुठल्याच बीचवर नेलेली चालत नाही. शेगडी पेटवणार असाल तर हिरवळीवर, आणि निखारे त्यासाठी ठेवलेल्या पिंपातच.

आई-बाबांना स्वेटर घ्यायला सांगा. शहरात ३२ अंश असताना काठावर वारा फिरला की अर्ध्या तासात हुडहुडी भरते. बाबा "जुलैत कसला स्वेटर" म्हणतील. म्हणू देत, तुमच्या पिशवीत टाका. माझ्या बाबांना त्या दिवशी पॉइंटवर आईची शाल पांघरून बसावं लागलं होतं, गळ हातात धरून.