‘पुनरुत्थानाच्या आशेने’ मधली आशा कसली?

प्रश्न असा आलाय की शेजारचे ख्रिस्ती काका वारले, घरच्यांच्या मेसेजमध्ये ‘प्रभूमध्ये निजले’ असं होतं आणि खाली ‘पुनरुत्थानाच्या आशेने, समस्त कुटुंबीय’, तर इथे ‘आशा’ शब्द जरा लेचापेचा नाही का वाटत, आशा म्हणजे होईल किंवा नाही होणार, मग ‘खात्रीने’ का नाही लिहिलं? आणि उत्तरादाखल ‘आत्म्यास शांती लाभो’ लिहिलं तर चालतं का?

मी नगरची, मराठी ख्रिस्ती घरातली, आणि दोन वर्षांपूर्वी आई गेली तेव्हा हेच शब्द मी स्वतः मोबाईलवर टाइप केलेत, त्यामुळे जरा लांबण लागेल.

पुनरुत्थान म्हणजे मेलेली माणसं एक दिवस पुन्हा उठतील हा आमचा विश्वास, आणि त्याच्यापुढच्या ‘आशे’बद्दल तुमची शंका रास्त आहे, कारण मराठीत आशा या शब्दाच्या वाट्याला चांगले दिवस कमीच आलेत. वेडी आशा, खोटी आशा, आशेला लावणे, आशाळभूत. संस्कृतात तर सुभाषितच आहे की आशा ही माणसाच्या पायातली अजब साखळी, हिने बांधलेले पळत सुटतात आणि हिच्यातून सुटलेले पांगळ्यासारखे जागच्या जागी बसतात. म्हणजे आपल्याकडे आशा सोडणारा तो शहाणा. बायबलचं मराठी करणाऱ्यांसमोर हाच शब्द होता आणि त्यांनी तो उचलला, पण आत भरलेला माल वेगळा आहे.

बायबलचा पहिला भाग म्हणजे जुना करार, त्याच्या हिब्रूत आशेला ‘तिक्वा’ म्हणतात. हा शब्द वाट पाहणे या अर्थाच्या धातूवरून आलाय, आणि गंमत नाही, खरंच अंगावर काटा येतो, तिक्वाचा दुसरा अर्थ दोर. त्यातल्या यहोशवाच्या पुस्तकात राहाब नावाची बाई खिडकीला लाल दोरी बांधते की शहर पडलं तरी आपलं घर वाचेल, तिथल्या दोरीला हाच शब्द आहे. म्हणजे साखळीही बांधते आणि दोरही बांधतो, पण दोर वर ओढून घ्यायला असतो. नव्या करारातला ग्रीक शब्द ‘एल्पिस’, त्याचा मूळ अर्थ नुसती अपेक्षा, बऱ्याची किंवा वाईटाचीही, पण तिथली बरीच पत्रं लिहिणारा पौल तो वापरतो तेव्हा अपेक्षा कुणाकडून आहे त्यावर सगळा भार असतो. रोमकरांच्या पत्रात तो म्हणतो की ही आशा लाजवत नाही. म्हणजे आशा धरून बसलेला माणूस शेवटी चारचौघांत तोंडघशी पडणार नाही. आणि इब्री लोकांच्या पत्रात तर आशेला जिवाचा नांगर म्हटलंय. आमच्याकडे समुद्र नाही, लहानपणी मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, हे वाचलं जायचं तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर बैलजोडीच यायची, पुढे मुंबईला ससून डॉकवर बोटीचा नांगर पाहिला तेव्हा कळलं की तो पाण्यात दिसत नाही, खाली तळाला रुतलेला असतो आणि वरून फक्त ताणलेला दोर दिसतो.

म्हणून मराठीत क्रियापद बघा. ‘मी आशा करतो’ हे अलीकडचं, इंग्रजी वळणाचं. जुनं मराठी म्हणतं आशा धरली. धरली म्हणजे हातात काहीतरी आहे. ‘पुनरुत्थानाच्या आशेने’ मध्ये हे धरणं आहे. ‘खात्रीने’ लिहिलं असतं तर ते झालेल्या गोष्टीचं सर्टिफिकेट वाटलं असतं, आणि त्यांच्या घरात तर आत्ता काकांची रिकामी खुर्ची आहे. जे अजून डोळ्यांनी दिसत नाही त्याचीच आशा असते हेही पौलानेच लिहिलंय.

आता ‘निजले’. याला नुसती नाजूक भाषा समजू नका, जशी आपण ‘देवाज्ञा झाली’ म्हणतो तशी. कैलासवासी, वैकुंठवासी, पैगंबरवासी, आणि त्याच साच्यातलं आमचं ख्रिस्तवासी, हे सगळे शब्द माणूस आता कुठे राहायला गेला ते सांगतात. ‘निजला’ हा शब्द पत्ता देत नाही, तो म्हणतो की उठायचं बाकी आहे. बायबलातल्या योहानाच्या पुस्तकात, ११व्या अध्यायात, येशूचा मित्र लाजर मरतो तेव्हा येशू शिष्यांना सांगतो की तो झोपलाय, मी त्याला उठवायला चाललोय, आणि शिष्य भाबडेपणाने म्हणतात की झोप लागली असेल तर बराच होईल. तिथलं ग्रीक क्रियापद ‘कोइमाओ’, आणि त्याच्यावरूनच ‘कोइमेतेरियोन’ म्हणजे निजायची जागा, त्याचं पोर्तुगीजात सेमितेरियो आणि इंग्रजीत सेमेटरी झालं. मराठी बायबलात ‘महानिद्रा’ येतो तो याच क्रियापदासाठी. आणि पुनरुत्थान तर फारच चपखल शब्द, उत् आणि स्था म्हणजे उठून उभं राहणं, ग्रीक ‘अनास्तासिस’ मध्येही तेच वर उभं राहणं आहे आणि त्यातला स्ता आणि आपला स्था एकाच कुळातले. शब्द कानाला जड आहे पण आत सकाळी आई हाक मारते ते ‘ऊठ’ आहे.

इथे एका वाक्याबद्दल बोलायलाच हवं कारण त्याने फार लोकांना दुखावलंय. थेस्सलनीकाकरांच्या पहिल्या पत्रात, ४:१३ ला, पौल सांगतो की झोपी गेलेल्यांविषयी ज्यांना आशा नाही त्यांच्यासारखा खेद करू नका. आईच्या अंत्यविधीनंतर एका नातेवाइकांनी मला हेच ऐकवलं, विश्वासणारी असून रडतेस काय म्हणून, आणि मी खरंच काही दिवस गिळून गिळून रडले. नंतर मी ते वाक्य शांतपणे, व्याकरणाच्या अंगाने वाचलं. ‘खेद करू नका’ असं तिथे नाहीचे. ‘त्यांच्यासारखा’ हा शब्द काढून टाकला की वाक्य क्रूर होतं, आणि तो राहू दिला की खेद करायची परवानगी त्या वाक्यातच आहे. वर सांगितलेल्या लाजराच्या गोष्टीत येशूला माहीत आहे की आपण त्याला उठवणार, तरी कबरेकडे जाताना तो रडला. मराठीत दोनच शब्द, येशू रडला. त्या दोन शब्दांनी मला वाचवलं म्हटलं तरी चालेल.

पंडिता रमाबाईंची आठवण इथे काढल्याशिवाय राहवत नाही. दुष्काळात आईवडील आणि बहीण गेली, मग भाऊ, १८८२ मध्ये नवरा, पदरात लहानगी मनोरमा, आणि पुढच्याच वर्षी इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा. मग १९२१ च्या जुलैमध्ये ती मनोरमाही गेली, चाळिशीत. रमाबाई तेव्हा केडगावला मुक्ती मिशनमध्ये हिब्रू आणि ग्रीकवरून साध्या मराठीत बायबल आणत होत्या आणि लेक गेल्यावरही ते काम त्यांनी सोडलं नाही, १९२२ च्या एप्रिलमध्ये स्वतः गेल्या, ते बायबल १९२४ ला छापून आलं. इतकी माणसं गमावलेल्या बाईने ‘पुनरुत्थान’, ‘आशा’ हे शब्द कागदावर उतरवताना हात कसा चालला असेल, मी हा विचार खूपदा करते.

आता मेसेजचं. ‘आत्म्यास शांती लाभो’ लिहिलंत तर कुणी राग मानणार नाही, भावना पोचते. कॅथलिक घर असेल तर ‘चिरशांती लाभो’ अगदी त्यांच्या प्रार्थनेतलंच आहे, २ नोव्हेंबरला ते कबरींवर मेणबत्त्या लावून मृतांसाठी प्रार्थना करतात. प्रॉटेस्टंट घरात मात्र मृतासाठी सहसा मागत नाहीत, गेलेला प्रभूजवळ विसावलाच आहे असं मानतात, तिथे मागणं मागे राहिलेल्यांसाठी असतं, म्हणून ‘प्रभू तुमचं सांत्वन करो’ हे जास्त जवळचं वाटेल. काकांचं घर कुठलं ते माहीत नसेल तर सांत्वनाचंच लिहा, ते दोन्हीकडे चालतं. आणि शक्य असेल तर मेसेजवर न थांबता काकूंना भेटायला जा, काकांचं नाव घेऊन बोला, मला त्या दिवसांत आईचं नाव घेणारी माणसं हवी होती.