शिवणघर : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : लेकीच्या कथकच्या अंगरख्याला जांभळी नाक्यावरून आणलेली दोन इंची गोटा-लेस लावली. घेर आत वळतो, चुण्या पडतात. काय करू? – एक आई, कळवा

उत्तर : ताई, लेस उसवा. गोल घेराचं कापड तिरकं पडतं, ते लोंबतं. गोटा-लेस ताणली जात नाही. अंगरखा रात्रभर टांगून ठेवा, मग खालची कड सारखी करा. लेसची खालची बाजू आधी शिवा, अजिबात न ओढता. वरच्या बाजूला जास्तीची लेस उरतेच. ती हातानं कच्चा धागा घालून बारीक आवळा नि मग मशीन मारा. खरं सांगू? चकरांच्या घेराला अर्धा इंची लेसच बरी, हवी तर दोन ओळी. आणि लेस चिकटवायला गरम गोंद नकोच, घुंगरात अडकली की पट्टी सरळ उपटून येते. इस्त्री उलट्या बाजूनं, मंद.