नदी अडली त्या दिवसापासून लिही

दरड कोसळून नदी अडते आणि मग तो बांध फुटून पूर येतो, अशा घटनांची तुझी शीट बघितली. मेहनत दिसतेय, पण एक सांगतो, तू सगळ्या नोंदी पुराच्या तारखेवर लावल्यास आणि पूर ही तर शेवटची घटना गं. दरड कधी कोसळली, पाणी किती दिवस साठत राहिलं, खाली नदी किती आटली, याचे वेगळे कॉलम कर, कारण हे सगळं वेगवेगळ्या माणसांनी वेगवेगळ्या गावात बसून लिहिलेलं असतं, ते जुळवणं हेच तुझं खरं काम.

सिंधूचंच घे. जून १८४१ मध्ये अटकजवळ लोंढा आला आणि शीख सैन्याची छावणी वाहून गेली. अटकच्या लोकांना दिसलं ते एवढंच, की आधी कित्येक महिने पात्र खूप खाली गेलेलं आणि मग एकदम पाणी. वर काय झालं ते तिथून कसं कळणार? सुरुवातीला श्योक या सिंधूच्या वरच्या उपनदीकडच्या हिमनदीवर संशय गेला, प्रत्यक्षात नंगा पर्वताच्या पायथ्याशी भूकंपाने डोंगराचा कडा नदीत आला होता. फ्रेडरिक ड्र्यू या भूगर्भशास्त्रज्ञाने दरडीची बाजू नीट मांडली ती १८७५ मध्ये, म्हणजे तीस-एक वर्षांनी. म्हणून कारणाच्या कॉलमशेजारी हे कोणी, कुठे बसून आणि किती वर्षांनी लिहिलं ते टाकच, आणि आधीचे चुकलेले अंदाजसुद्धा खोडू नकोस, पुढे कोणाला तरी दुसऱ्या कागदात तेच सापडणार आहेत.

आता गोहना. गढवालमध्ये बिरही गंगा सप्टेंबर १८९३ मध्ये दरडीने अडली, दरडीचा बांध जवळपास ९०० फूट उंच. इंजिनिअर लोकांनी पाणी कधी वरून वाहायला लागेल याचा हिशोब केला, हरिद्वारपर्यंत तारेची लाइन टाकली, खालची गावं रिकामी केली. २५ ऑगस्ट १८९४ च्या रात्री बांध फुटला, गढवालचं श्रीनगर धुऊन निघालं, पण माणसं गेली ती फक्त एक फकीर आणि त्याच्या घरचे, हलवल्यावर परत गेलेले. इतकं व्यवस्थित रेकॉर्ड फार कमी ठिकाणी आहे आणि मला ते प्रत्येक वेळी वाचताना भारी वाटतं. आकडे मात्र मूळ फुटातच ठेव, मीटर शेजारच्या कॉलममध्ये, नाहीतर '९००' चं '२७४.३२' होतं आणि मूळ अंदाज उगाच मोजमाप वाटायला लागतो.

कोस्टा आणि शुस्टर या संशोधकांनी फुटलेल्या दरडीच्या बांधांच्या जगभरातल्या नोंदी गोळा केल्या तेव्हा ७३ बांधांपैकी २७ टक्के एका दिवसात आणि ८५ टक्के वर्षाच्या आत फुटलेले निघाले. आकडा वापर, पण जे बांध हळूहळू झिजले किंवा निर्जन दरीत दोन तासांत वाहून गेले त्यांचं कोणी लिहिलंच नाही, हे कायम डोक्यात ठेव. ताजिकिस्तानातला उसोईचा दरडीचा बांध १९११ पासून उभा आहे, सरेझ तलाव अजून मागे आहे, असे न फुटलेले तुझ्या शीटमध्ये एकही नाहीत, ते आधी भर.

आणि गोहनाची ओळ १८९४ ला बंद करू नकोस. त्या फुटण्यानंतरही मागे लहान तलाव उरला होता, तो जुलै १९७० च्या अलकनंदेच्या पुरात संपला, बिरही तिलाच मिळते. तू १९७० ला वेगळी नदी, वेगळी घटना म्हणून टाकलंयस, ते दोन्ही जोडून घे आणि मला परत पाठव.